हात कामात, कान मोकळे : सोलापुरी पॉडकास्टची कृती

पॉडकास्ट सुरू करायचा म्हटलं की पहिली चौकशी माईकची होते. कोणता घ्यावा, केवढ्याला पडतो, नवी पेठेत मिळेल की ऑनलाइन मागवावा. खरं तर या सगळ्या उद्योगात माईक हीच सर्वांत सोपी गोष्ट. अवघड असतं ते त्याच्या आधीचं : काय सांगायचं, कोणाला सांगायचं, आणि त्या माणसानं ते बघायचं सोडून ऐकायचं कशासाठी. ही कृती त्या आधीच्या कामाची आहे. नमुना म्हणून सोलापूरवरच्या सहा भागांच्या एका मालिकेची कल्पना आपण पहिल्या ओळीपासून पहिल्या चाचणीपर्यंत नेऊ. तुमचा विषय वेगळा असला तरी पायऱ्या याच राहतील.

साहित्य

- एक जाड वही. कल्पना मोबाइलमध्ये लिहिल्या की त्या पुन्हा उघडून बघितल्या जात नाहीत.
- आवाज टिपणारा मोबाइल आणि कॉलरला लावायचा वायरचा माईक.
- कान पूर्ण झाकणारा हेडफोन.
- संपादनासाठी ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर.
- दोन-तीन जाड सोलापुरी चादरी. कशासाठी, ते आठव्या पायरीत.
- आठवड्याचे सहा-आठ तास, निदान तीन महिने.

पायरी १ : विषयाआधी ऐकणारा ठरवा

‘सगळ्यांसाठी’ असं उत्तर आलं तर वही मिटा आणि उद्या पुन्हा बसा. पॉडकास्ट ऐकणारा माणूस बहुतेक वेळा दुसरं काहीतरी करत असतो. म्हणून ‘माझा विषय कोणाला आवडेल?’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि विचारा : या गावात कोणाचे हात कामात आहेत आणि कान मोकळे आहेत?

सोलापुरात याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. पूर्व भागात, कुंभारीच्या दहा हजार घरांच्या विडी घरकुलात, दारात किंवा ओसरीवर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका दिसतात. पान कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा. हात गुंतलेले, नजर सुपात. मजुरी हजार विड्यांवर ठरते, त्यामुळे मान वर करून पडदा बघणं परवडत नाही. शाळेचे गणवेश शिवणारा कारागीर, कडक भाकरीची ऑर्डर पुरी करणारी बाई, हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला निघालेला आणि डोळे मिटून बसलेला पोरगा, यांचंही थोडंफार तसंच.

अशा कानांची दखल जगात फार पूर्वी घेतली गेली आहे. क्यूबात हवाना शहरातल्या ‘एल फिगारो’ या सिगार कारखान्यात १८६५ साली एक वाचक बसू लागला. कामगार सिगार वळायचे आणि तो त्यांना वर्तमानपत्रं, कादंबऱ्या मोठ्यानं वाचून दाखवायचा. त्याचा पगार कामगारच वर्गणी काढून द्यायचे, म्हणून काय वाचायचं हेही तेच ठरवायचे. ‘माँटेक्रिस्टो’ सिगारचं नाव अशा वाचनातून कामगारांच्या लाडक्या झालेल्या फ्रेंच लेखक द्युमाच्या कादंबरीवरून आलं. आपल्याकडे केरळात कण्णूर भागातल्या विडी कारखान्यांमध्येही वर्तमानपत्राचं असं सामूहिक वाचन चालायचं. आणि मुंबई आकाशवाणीची ‘कामगार सभा’ कुणासाठी होती, ते तिच्या नावातच आहे.

आता तुमच्या ऐकणाऱ्या व्यक्तीचं एक पान लिहा. काम कोणतं, ऐकण्याची वेळ कोणती, घरात कोणती भाषा, हेडफोन की मोबाइलचा स्पीकर, मध्ये कोण हाक मारतं. हे पान पुढचे अर्धे निर्णय परस्पर घेऊन टाकतं. आपल्या मालिकेसाठी आपण विडी वळणाऱ्या अक्का धरू. त्या मोबाइल जमिनीवर ठेवून स्पीकरवर ऐकणार, म्हणजे बोलण्याखाली संगीत घातलं तर शब्द बुडतील. मध्ये दार वाजणार, नातू येणार, म्हणजे दर पाच-सहा मिनिटांनी गोष्ट कुठवर आली ते सहज ओघात सांगावं लागेल. माणसांची नावं पुन्हापुन्हा घ्यावी लागतील. घरात तेलुगू आणि बाहेर मराठी, म्हणजे जड पुस्तकी मराठी चालणार नाही.

पायरी २ : विषय तीन चाळण्यांतून काढा

सुचतील तेवढे विषय एका पानावर लिहा आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा.

पहिला : हे ऐकून कळतं का? दुसरा : यावर बोलू शकतील अशी दहा माणसं मला गाठता येतील का? तिसरा : हे मीच, याच गावातून का सांगायचं?

सोलापूरकराच्या यादीत पहिल्यांदा चादर येते. भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू, अभिमानाचा विषय. पण चादरीची मजा नक्षीत आणि रंगात. ती कानानं कशी दाखवणार? चादर विणणाऱ्या माणसावर मालिका होईल, चादरीवर अवघड. शेंगा चटणी आणि हुरडा पहिल्या चाळणीतच अडकतात, त्यांना व्हिडिओ बरा. ग्रामदैवत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आवाजानं भरलेली आहे. सात नंदीध्वज निघाले की हर्रचा गजर, हलगी, गर्दी, सगळं कानात राहतं. पण ती जानेवारीत येते आणि जाते. एक सुंदर विशेष भाग होईल, वर्षभराची मालिका ताणावी लागेल. ‘सोलापूरचा इतिहास’ दुसऱ्या चाळणीवर थांबतो, कारण विषय एवढा पसरट की कोणाला गाठायचं तेच ठरत नाही.

तिन्ही चाळण्यांतून खाली उतरतो तो गिरणीचा भोंगा. तो मुळातच आवाज आहे. तो ऐकलेली माणसं अजून आपल्यात आहेत. आणि ज्या शहराची दिनचर्या जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांच्या पाळ्यांनी आखली, त्या शहरातूनच ही गोष्ट सांगायला हवी. शिवाय विषय लहान आहे. लहान विषयातून मोठं शहर दाखवता येतं. मोठ्या विषयातून सुरुवात केली की हाती फक्त प्रस्तावना लागते.

पायरी ३ : एका वाक्यात मांडा

वाक्यात चार गोष्टी हव्यात : काय, कोणासाठी, कोणाच्या तोंडून आणि कुठवर. आपलं वाक्य असं :

‘“भोंगा” ही सहा भागांची मालिका आहे; गिरणीच्या भोंग्यानं सोलापुरातल्या घरांची वेळ कशी बांधली आणि गिरण्या बंद पडल्यावर ती वेळ कोणाच्या हाती गेली, हे इथल्याच कष्टकरी माणसांच्या तोंडून, काम करता करता ऐकणाऱ्यांसाठी.’

हे वाक्य चार-पाच जणांना तोंडी सांगा. ‘छान आहे’ असं उत्तर आलं तर वाक्य फसलं. ‘आमचे आजोबा दुसऱ्या पाळीला होते’ असं काही समोरून निघालं तर वाक्य लागू पडलं. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे काय घ्यायचं आणि काय गाळायचं, याचा निवाडा तेच करतं.

पायरी ४ : रूप, लांबी आणि भाषा ठरवा

दोघांच्या गप्पा, एकाची मुलाखत, एकट्याचं कथन, की कथन आणि मुलाखतीचे तुकडे यांची गुंफण? गप्पा करायला सोप्या, पण दोघं खरोखर गप्पिष्ट असतील तरच ऐकवतात. मुलाखत पाहुण्यावर अवलंबून असते. गुंफण सर्वांत वेळखाऊ, पण आठवणींच्या विषयाला तीच शोभते, कारण चार माणसांच्या आठवणी शेजारी ठेवाव्या लागतात. ‘भोंगा’साठी आपण गुंफण घेऊ.

लांबी ऐकणाऱ्याच्या कामावरून ठरवा. वीस-पंचवीस मिनिटं पुरे. कथनाचं लिखाण करताना मिनिटाला साधारण १२० शब्द धरा. म्हणजे दहा मिनिटांच्या कथनाला बाराशे शब्द, बाकीचा वेळ माणसांचा.

भाषेचा निर्णय सोलापुरात टाळता येत नाही. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी उर्दू इथे एकाच गल्लीत नांदतात. नियम साधा ठेवा : बोलणाऱ्यानं आपल्या भाषेत बोलावं. दुसऱ्या भाषेतला तुकडा पंधरा-वीस सेकंदांचा असेल तर पूर्ण ऐकू द्या आणि नंतर निवेदकानं मराठीत सारांश सांगावा. आवाजावर आवाज चढवून भाषांतर केलं की दोन्ही जातात. निवेदकाची मराठी सोलापुरी असू द्या. फक्त मित्राशी बोलताना शोभणारा ‘बे’ ज्येष्ठ पाहुण्यासमोर आवरा.

पायरी ५ : भागांची यादी करा

प्रत्येक भागापुढे तीन रकाने आखा : प्रश्न, माणूस, आवाज. तिन्ही भरले नाहीत तर तो भाग अजून कच्चा आहे.

१. भोंगा वाजला की… — पहाटेचा भोंगा आणि घर. कोण आधी उठायचं, डबा कोण भरायचं? निवृत्त कामगार आणि त्यांच्या पत्नी, दोघांनाही वेगवेगळं विचारा. आवाज : चूल किंवा स्टोव्ह, सायकलची घंटा.

२. माणसं आली कुठून? — जुनी मिल उभी राहिली ती १८७०च्या दशकात आणि १८७६–७७चा भीषण दुष्काळ याच मुलखानं भोगला. गावं सोडून आलेले मराठी आणि कन्नड शेतकरी, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर. आवाज : एकाच गल्लीतल्या चार भाषा.

३. भोंग्याविरुद्ध शहर — मे १९३०. गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, गिरणी कामगार रस्त्यावर उतरले आणि ब्रिटिशांनी मार्शल लॉ पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. आवाज : हुतात्मा चौकातली आजची वर्दळ.

४. सुपातली मजुरी — पुरुष पाळीला, बाई घरी, पण रिकामी नाही. विडीच्या पैशावर काय काय चाललं? हा भाग ऐकणाऱ्या अक्कांचाच आहे, म्हणून सर्वांत जपून करायचा. आवाज : कात्री आणि पानांची सळसळ.

५. भोंगा थांबला — गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. काही कामगार यंत्रमागांवर गेले, काही गावी परतले, पोरं पुण्याला गेली. आवाज : यंत्रमागाची खटखट, फलाटावरची घोषणा.

६. आता वेळ कोण सांगतं? — अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतली पाळी, मोबाइलचा गजर, ऑनलाइन ऑर्डर. हा भाग तरुणांचा. आवाज : मोबाइलचा गजर.

प्रकाशनाचा महिना इथेच ठरवा. तिसरा भाग १२ जानेवारीच्या आठवड्यात यावा असं वाटत असेल तर तिथून उलट मोजा. त्याच दिवसांत गड्डा असतो आणि शहर सिद्धेश्वरांच्या यात्रेत गुंतलेलं असतं, हेही लक्षात ठेवा.

पायरी ६ : आठवण आणि कागद शेजारी ठेवा

माणसं साल चुकतात, प्रसंग सहसा चुकत नाहीत. त्यामुळे सालासाठी कागद बघा आणि प्रसंगासाठी माणूस. जुना सोलापूर जिल्हा गॅझेटियर १८८४ साली निघाला, त्यात गिरणीच्या सुरुवातीच्या काळातलं शहर सापडतं. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या ग्रंथालयात आणि स्थानिक दैनिकांच्या जुन्या अंकांत पुढचं शोधा. दोन माणसं दोन वेळा सांगत असतील, एक म्हणेल भोंगा पाचला, दुसरा म्हणेल सहाला, तर एकाला खोटं ठरवू नका. आधी विचारा, कोणती गिरणी आणि कोणती पाळी? त्यानंतरही फरक राहिलाच तर दोन्ही ऐकवा आणि तसं सांगा.

पायरी ७ : माणसांपर्यंत माईकशिवाय जा

पहिल्या भेटीत काहीही रेकॉर्ड करू नका. चहा घ्या, वाक्य सांगा, ऐका. कोण बोलकं आहे, कोणाला ऐकू कमी येतं, घरात कोणासमोर मोकळं बोलता येत नाही, हे त्याच भेटीत कळतं. ‘मामा’, ‘अक्का’, ‘काका’, घरात जे चालतं तेच वापरा. ‘सर’ म्हटलं की निवृत्त कामगार भाषण सुरू करतो.

प्रश्न हो-नाहीत संपणारे नकोत आणि भावना मागणारेही नकोत. ‘तेव्हा कसं वाटलं?’ याला ‘वाईट वाटलं’ एवढंच उत्तर येतं. ‘गिरणीला टाळं लागलं त्या दिवशी घरी येऊन पहिल्यांदा काय केलंत?’ याला प्रसंग येतो. प्रश्न विचारून झाल्यावर तीन श्वास थांबा, माणूस बहुधा त्या शांततेनंतरच खरं बोलतो.

संमती माईकवरच घ्या : नाव, तारीख, हे बोलणं पॉडकास्टमध्ये येणार आहे आणि ते कोणीही ऐकू शकेल, याला होकार. आज काम देणाऱ्या मालकाबद्दल किंवा मजुरीबद्दल कोणी बोलत असेल तर नाव गाळण्याची मुभा आधीच द्या आणि प्रकाशनापूर्वी तो तुकडा त्यांना ऐकवा. मागे घ्यायचा म्हणाले तर वाद न घालता काढा. कोणावर आरोप होत असेल तर समोरच्या बाजूलाही विचारा, आणि पुरावा नसेल तर तो भाग ठेवू नका.

पायरी ८ : जागा आणि आवाज

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पंखा बंद केला तर पाहुणा घामाघूम, चालू ठेवला तर सगळ्या मुलाखतीत घरघर. यावर उपाय दोनच : उन्हाळ्यात भल्या सकाळी रेकॉर्ड करा किंवा बाहेरची कामं थंडीत उरका. यंत्रमागाच्या शेजारी मुलाखत घेऊ नका, शब्द कळणार नाहीत. मागाचा आवाज वेगळा, दोन मिनिटं, टिपून आणा आणि कारखान्यात जास्त वेळ थांबणार असाल तर कानात बोळे घाला.

खोलीत घुमत असेल तर बोलणाऱ्याच्या पाठीमागे आणि समोर दोरीवर जाड चादरी टाका, फरशीवरही एक अंथरा. सुती जाड कापड आवाजाचं परावर्तन कमी करतं. इथं मुलाखतीला जाल त्या घरात चादरींना तोटा नसतो. कॉलरचा माईक हनुवटीपासून वीतभर खाली लावा, साडीच्या पदराला तो घासत नाही ना ते हेडफोननं तपासा. मोबाइल विमान मोडवर टाका. फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवा. निघण्यापूर्वी सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची एक मिनिट शांतता टिपा, संपादनात जोड लपवायला तीच लागते. आणि घरी येताच फाइलची दुसरी प्रत करा.

सिनेमातलं गाणं वापरू नका. ‘दहा सेकंद चालतात’ ही समजूत चुकीची आहे, कायद्यात अशी सूट नाही. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं आणि गीतकार-संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. ओळखीच्या हलगीवाल्याला योग्य मानधन द्या आणि लेखी परवानगीनं अर्ध्या मिनिटाची धून वाजवून घ्या.

पायरी ९ : आठ मिनिटांचा नमुना भाग

पूर्ण पहिला भाग करत बसू नका. आठ मिनिटं पुरेत : सुरुवात, एका माणसाचा प्रसंग, एक आवाज, पुढच्या भागाची ओढ. सुरुवातीला स्वतःची ओळख, आभार आणि ‘नमस्कार मंडळी’ यात वेळ घालवू नका. पहिल्या वाक्यातच कोणीतरी पहाटे उठलेलं असू द्या. अंतिम फाइलची पातळी उणे १६ एलयूएफएसच्या (हे आवाजाच्या मोठेपणाचं एकक) आसपास ठेवा, म्हणजे स्पीकरवरही ती पुरेशी मोठी येते.

आता पायरी १मधल्या माणसांकडे जा. स्टुडिओतल्या मित्राला ऐकवून उपयोग नाही. तीन-चार जणींना त्यांच्या कामाच्या वेळी, त्यांच्याच मोबाइलवर ऐकवा आणि गप्प बसून बघा. कुठे हात थबकला? कुठे शेजारणीशी बोलणं सुरू झालं? ती वेळ वहीत टिपा. ‘आवडलं का?’ विचारू नका, घरी आलेल्याला कोणी नाही म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी विचारा, ‘काय लक्षात राहिलं?’ जे आठवलं ते ठेवा. सगळ्यांचं लक्ष एकाच जागी सुटलं असेल तर ती जागा कापा, तुम्हाला ती कितीही लाडकी असो.

पायरी १० : नाव, चित्र, वाटप

नाव हाक मारून बघा. फोनवर एकदाच सांगून समोरच्याला कळलं आणि लिहिता आलं तर चालेल. त्याच नावाचा दुसरा पॉडकास्ट आहे का, ते शोधा. मुखचित्र चौरस, ३००० गुणिले ३००० पिक्सेल, पण तपासायचं नखाएवढं करून. अक्षरं वाचता आली पाहिजेत.

फाइल स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्ससारख्या सेवेवर फुकट ठेवता येते. तिथून मिळणारा आरएसएस दुवा बाकीच्या ॲपना द्या, यूट्यूबवरही टाका. पण आपल्या अक्का ॲप उघडून शोधणार नाहीत. त्यांच्यापर्यंत पॉडकास्ट व्हॉट्सॲपनं जाईल, म्हणून प्रत्येक भागाची लहान आकाराची एमपीथ्री प्रत आणि दोन ओळींचा मजकूर तयार ठेवा. मुलाखत दिलेल्या प्रत्येकाला ती सर्वांत आधी पाठवा. पुढचं वाटप त्यांची मुलं-सुना करतात.

पहिला भाग बाहेर काढण्यापूर्वी निदान तीन भाग पूर्ण तयार हवेत. कोणी आजारी पडतं, कोणी नकार देतं, परीक्षा येतात. हाताशी साठा असला तर वार चुकत नाही.

पायरी ११ : सहा भागांनंतर हिशेब

मालिका संपवा. आपोआप बंद पडू देऊ नका, शेवटच्या भागात ‘ही मालिका इथे संपली’ असं सांगा. मग वहीतलं पहिलं पान उघडून तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. ज्यांच्यासाठी केलं त्यांनी ऐकलं का? त्यांच्यापैकी कोणी ‘माझ्याकडेही एक गोष्ट आहे’ असं म्हणत स्वतःहून आलं का? आणि घर, नोकरी सांभाळून पुढचे सहा भाग करण्याची तुमची तयारी आहे का? आकडे या तीन प्रश्नांनंतर बघा. दोन उत्तरं ‘हो’ असतील तर पुढची मालिका आखा, आणि तिचा विषय स्वतः निवडण्यापूर्वी, हवानाच्या कारखान्यासारखं, ऐकणाऱ्यांनाच विचारा.